तेल आधीच गरम होतं

पाठ सगळ्यांनाच असते आणि आज ना उद्या ती दुखतेच. शिवणयंत्रावर वाकणारीची दुखते, तशी खुर्चीत बसून दुसऱ्यांना हुकूम सोडणारीचीही दुखते. त्या गल्लीतल्या बायकांची मान धरली, कंबर आखडली, पाय गळून गेले, की त्या आधी गोळी शोधत नसत. आत्याबाईंचं दार वाजवत.

आत्याबाई मालिश करायच्या. घराची पुढची खोली त्यांनी त्याच कामाला ठेवली होती. मध्ये उंच लाकडी बाक, त्यावर जाड गादी, तोंड खाली घालून झोपलं तर श्वास घेता यावा म्हणून गादीला कापलेलं भोक. भिंतीशी धुतलेल्या टॉवेलांची चळत. कोपऱ्यात छोटी शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं आणि त्या पाण्यात तेलाची वाटी. तेल थेट आचेवर ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. "तळण काढायचं नाहीये आपल्याला," म्हणायच्या, "माणसाच्या कातडीला लावायचंय."

हात मात्र सोन्यासारखा! तेल लावण्याआधी त्या नुसता तळवा पाठीवर ठेवून गप्प उभ्या राहायच्या. मग बोटं हळूहळू चालायची आणि नेमकी गाठीवर जाऊन थांबायची. बाकावरची बाई "हां, तिथंच!" म्हणून ओरडायची. रडत आलेली हसत जायची. आठ-आठ दिवस झोप नसलेली तिथंच घोरायला लागायची. आत्याबाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या. "माझ्या हाताखाली दुखणं टिकत नाही," असं छातीवर हात मारून सांगायच्या.

पण त्यांचा एक कडक नियम होता. ताजी सूज, ताजा मार, अंगात ताप किंवा हाडाचा संशय असला, तर त्या बोटसुद्धा लावत नसत. जिन्यावरून पडलेल्या एका मास्तरणीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. "आधी डॉक्टरकडे जा. आत काय मोडलंय ते मला बाहेरून दिसत नाही. चोळायला गेले तर बऱ्याचं वाईट होईल." मास्तरणीला राग आला तर आला! नियम म्हणजे नियम.

हा नियम फक्त एकाच माणसाला लागू नव्हता. त्यांच्या सुनेला.

त्यांचा एकुलता एक लेक बस आगारात तिकीट खिडकीवर होता. दिवसभर खिडकीत बसून लोकांची बोलणी खायचा आणि घरी येऊन ती बायकोवर काढायचा. शर्टाची कॉलर नीट बसली नाही म्हणून, पाणी कोमट दिलं म्हणून, बोलली म्हणून आणि कधी बोलली नाही म्हणून. गल्लीत मोटारसायकल थांबायची. स्टँड नुसता लावला तर त्या दिवशी निभावलं. स्टँड आपटला, की सूनबाईच्या हातातलं भांडं हातातच राहायचं.

त्याच्या सुटीच्या एका दुपारी पुढच्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई बाकावर पालथी झोपली होती आणि आतल्या खोलीत ताट भिंतीवर आदळलं. मग थाड करून एक थप्पड. मग केस धरून ओढल्यावर निघतो तो किंचाळण्याचा आवाज, आणि त्यामागून पाठीवर मुठी. एकामागून एक, धोपटणं चालू असल्यासारख्या.

बाकावरच्या बाईचं अंग लाकडासारखं झालं.

"सैल सोड गं," आत्याबाई म्हणाल्या.

"आत काय चाललंय, आत्याबाई?"

"काही नाही. घर आहे, भांडं पडतं." असं म्हणून त्यांनी एका हातानं रेडिओचा आवाज मोठा केला आणि दुसऱ्या हातानं मालिश चालू ठेवली.

ती बाई गेल्यावर त्या वाटी घेऊन आत गेल्या. सूनबाई कपाटाला टेकून खाली बसली होती. ओठ फुटलेला, पाठीवर तांबडे-निळे वळ. आत्याबाईंनी तिला पालथी झोपवलं आणि कोमट तेलानं, अगदी हळू, सगळी पाठ चोळून काढली. त्यात माया नव्हती असं कुणी म्हणू नये. माया होतीच. तोंड मात्र चालू होतं.

"तू तरी उलट कशाला बोलतेस? त्याचं डोकं तापलेलं दिसत नाही का?"

"मी बोलले नाही, आई."

"मग बोलायचं होतंस! गप्प बसलं की पुरुषाला आणखी राग येतो." हात वळावरून फिरत होता. "तुझ्या सासऱ्यांच्या हातचा मार तू पाहिला नाहीस. लोखंडी कडं असायचं मनगटात. माझी पाठ चोळायला या घरात कुणी नव्हतं. माझे हात पोचतील तेवढं माझं मीच चोळायचे, त्यातूनच ही विद्या आली. तुला निदान मी आहे."

"हो, आई," सूनबाई गादीत तोंड खुपसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई उभी राहिली, केर काढला, डबा भरून दिला. आत्याबाईंना समाधान वाटलं. माझा हात फिरला म्हणून उठली, असं त्यांच्या मनात आलं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान होतं. आत्याबाईंचे टॉवेल धुवायला आणि इस्त्रीला तिथंच जायचे. दुकानातली इस्त्रीवाली त्यांच्याच वयाची, आवाजानं फाटकी आणि मनानं सरळ. ओल्या चादरी उचलून दगडावर आपटायच्या, वर जड इस्त्री रेटायची, त्यानं तिचा उजवा खांदा कायम धरलेला. खांद्याच्या पात्यामागे सुपारीएवढी गाठ. महिन्यातून एकदा ती बाकावर येऊन पडायची आणि गादीच्या भोकातून जमिनीशी बोलावं तशी बोलत राहायची.

"अगं आत्या, तुझ्या टॉवेलांना हल्ली रक्ताचे डाग असतात."

"कुणाची तरी खपली निघते."

"तुझ्याकडे खपलीवाल्या बायका येतात? मास्तरणीला तर तू दारातून हाकललंस. ताज्या माराला हात लावत नाहीस ना तू?"

आत्याबाईंनी अंगठा जरा जास्तच रोवला. "आई गं! खरं बोलले की दाबतेस होय?"

"दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. तुझा खांदा बघ."

"माझा खांदा आहे म्हणूनच तर बोलतेय. तू हा खांदा मोकळा केलास, की मी उद्या काय करते? परत चादरी आपटते! तू बरा करतेस आणि मी परत त्याच कामाला लावते. माझं ठीक आहे, माझं ते पोट आहे. पण तुझ्या सुनेचं काय? तू तिची पाठ चोळून तयार करतेस, ती कुठल्या कामासाठी?"

"काय बरळतेस!"

"परत मार खायच्या कामासाठी." इस्त्रीवालीनं भोकातून मान बाहेर काढली आणि मागे वळून पाहिलं. "राग येऊ दे तुला. हात तुझा सोन्याचा, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दुखणं म्हणजे अंगानं मारलेली हाक असते. ती हाक ऐकून तू कुठं धावलीस? वाटीकडे. मारणाऱ्याकडे एकदा तरी गेलीस का? पाठ काय बोलते ते तुझ्या बोटांना लगेच कळतं आणि तुला कळत नाही, असं कसं गं?"

"तो माझा मुलगा आहे."

"आणि ती कुणाची तरी मुलगी आहे. झोपू का परत, की हाकलतेस मलाही?"

आत्याबाईंनी तिला हाकललं नाही. तिला परत झोपवून त्यांनी खांदा पुरा केला.

पुढच्या आठवड्यातली संध्याकाळ. शेवटचं गिऱ्हाईक जाऊन बराच वेळ झाला होता. आत्याबाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. गल्लीत मोटारसायकल थांबली आणि स्टँड आपटला.

सूनबाई आतून बाहेर आली. तिनं पातेल्यात पाणी ओतलं, त्यात तेलाची वाटी ठेवली, आच बारीक केली. हात पुसले आणि परत आत गेली.

आत्याबाईंच्या मनात आलं, आता तर कुणी यायचं नाही, मग हे तेल कुणासाठी? पण विचारायला तोंड उघडेपर्यंत लेक दारातून वाऱ्यासारखा आत शिरला होता.

"फोन का नाही उचललास?"

"आंघोळीला गेले होते."

"मी तिकडं लोकांच्या शिव्या खातो आणि तू आंघोळी करतेस!"

मग आवाज सुरू झाले. थप्पड. दुसरी थप्पड. खुर्ची पडली. तिचं डोकं कपाटावर आपटलं आणि कपाटाचं दार खणखणलं. ती खाली पडली असावी, कारण त्यानंतर आला तो आवाज मुठीचा नव्हता. लाथेचा होता. बुटासकट. बरगडीत घातलेल्या लाथेनं माणूस ओरडत नाही. श्वासच निघून जातो, नुसतं "हं" होतं. ते "हं" आत्याबाईंनी ऐकलं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

"पुरे रे!" त्या पहिल्यांदा ओरडल्या.

तो बाहेर आला, त्यांच्याकडे न बघता मोरीत गेला आणि नळ सोडून हात धुवायला लागला.

सवयीनं आत्याबाईंचा हात शेगडीकडे गेला. पातेलं चढवायला हवं, तेल ठेवायला हवं; मघाचं तेल त्या विसरूनच गेल्या होत्या. आणि बोट वाटीत बुडालं.

तेल आधीच गरम होतं! अगदी हवं तेवढं कोमट.

वाटी घेऊन त्या आत गेल्या. सूनबाई कुशीवर मुडपून पडली होती. नाकातून रक्त येऊन गालाखालची फरशी लाल झाली होती.

"हे तेल तू यासाठी ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"स्टँडवरून कळतं, आई." ती तुटक तुटक बोलत होती. "नंतर मला... उठता येत नाही. आणि तेल तापेपर्यंत... तुम्हाला थांबावं लागतं. म्हणून."

वाचणाऱ्यांनो, घरात अशी कामं वेळेवर करणाऱ्या सुनेला लोक शहाणी म्हणतात. मार पडायच्या आधी मलमाची तयारी करणारी सून! या घरानं तिला हे शिकवलं होतं. कुणी शिकवलं? लाथ घालणाऱ्यानं एकट्यानं नव्हे.

आत्याबाईंनी नेहमीसारखा तिच्या कुशीवर तळवा ठेवला. बरगडीखाली बोटांना काहीतरी करकरलं. कोरडी काटकी मोडताना वाजते तसं, श्वासागणिक. त्यांनी हात असा काढला, जणू निखाऱ्याला लागला. मास्तरणीला दारातून परत पाठवणारी बाई मोडलेल्या बरगडीवर तेल चोळायला निघाली होती!

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "अजिबात हलू नकोस पोरी. आज तेल नाही."

एवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली. अगदी रोजच्यासारखी, लाडातली.

"आई! तिचं झालं की माझा खांदा बघ गं जरा. पुन्हा धरलाय."

तो बाकावर पालथा पडला होता. शर्ट काढून, हात लोंबकळत सोडून. आत्याबाई त्याच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बोटं आपोआप उजव्या खांद्यावर गेली आणि पात्यामागे थांबली. तिथं गाठ होती. सुपारीएवढी. तीच जागा, तोच कडकपणा. त्यांच्या ओळखीत असा खांदा आणखी एकीचाच होता, चादरी दगडावर आपटणारीचा.

गेल्या महिन्यात त्यांनीच ही गाठ सोडवली होती. त्याच्या आधीच्या महिन्यातही. आगारात काम फार आहे, असं तो म्हणायचा आणि त्या मानायच्या. एका हातानं मारणाऱ्याचा खांदा मोकळा करायचा, दुसऱ्या हातानं मार खाणारीची पाठ. दोन्हीकडून वंगण! यंत्र बंद पडणार कसं?

"कशानं धरला रे खांदा?"

"कामानं. आणखी कशानं?"

"तिकिटं फाडून?"

"आई, दाब ना मुकाट्यानं."

त्यांनी दाबलं. ज्या अंगठ्यानं उभ्या गल्लीची दुखणी पळवली, तो अंगठा त्यांनी गाठीत खुंटीसारखा ठोकला आणि वर सगळं वजन टाकलं. तो गुरासारखा ओरडला. उठायला गेला, तर त्यांनी कोपर मानेवर रोवलं.

"दुखतं? दुखू दे! ही गाठ तिकिटांची नाही. ही तिच्या पाठीवर तयार झालीय. मी ती सोडवत गेले आणि तू परत बांधत गेलास. तिची बरगडी मोडलीस तू, कसाया!"

त्यानं हिसका देऊन त्यांना ढकललं. आत्याबाई शेगडीवर पडल्या. पातेलं कलंडलं, गरम पाणी त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत सांडलं, कातडी चर्रकन लाल झाली. पण त्या ओरडल्या नाहीत. भिंतीला धरून उठल्या आणि आतल्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाजूला हो!"

"नाही होणार. मार. आधी मला मार."

त्यानं आईवर हात उगारला. हो, आईवर! ज्यानं बायकोवर उगारलाय त्याचा हात आईपाशी थांबेल, अशी आशा कुणी ठेवू नये. पण तो हात खांद्याच्या वर गेलाच नाही. अर्ध्यात लचकून अडकला. आज त्या खांद्यावरून मायेचा हात फिरला नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला, दुसऱ्या हातानं खांदा धरून तो गुडघ्यावर बसला.

"आई गं!"

"आता आठवली आई?" आत्याबाई म्हणाल्या. "नीट ऐकून ठेव. या खांद्याला या घरात पुन्हा कुणाचा हात लागायचा नाही."

मग त्यांनी दार सताड उघडलं. रेडिओ लावून जे झाकलं होतं, ते त्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून, भाजलेला हात वर करून, सगळ्यांना ऐकवलं. "या! बघायला या! माझ्या मुलानं माझ्या सुनेची बरगडी मोडलीय!" इस्त्रीवाली पहिली धावली, हातात तापलेली इस्त्री तशीच. ती दारात उभी राहिली आणि गल्लीतल्या कुणी तरी बोलावलेले पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

"हल ना," ती त्याला म्हणाली. "हल की! शर्टाची कॉलर कशी बसवायची ते दाखवते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. बरगडीचं टोक आत वळलं होतं. "चोळलं असतं तर फुप्फुसात गेलं असतं," त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं, एक बँडेजमध्ये गुंडाळलेला, एक उघडा.

चौकीत हवालदारानं विचारलं, "आजी, घरातलंच भांडण ना? समजुतीनं मिटवता येतं."

"समजुतीनंच इतकी वर्षं चाललं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "आता लिहून घ्या. मारणारा माझा मुलगा आहे. पाहणारी मी आहे. साक्षीला मीच येणार." अंगठा नव्हे, मोडक्यातोडक्या अक्षरांत त्यांनी सही केली. मुलासाठी रडू आलंच, आईच ती. पण रडत रडतही त्यांनी सही पुरी केली.

घर आत्याबाईंच्या नावावर होतं. मुलाला त्या दारातून आत येणं बंद झालं, ते झालंच. सूनबाई कुठं गेली नाही. "जायचं असलं तर जा, राहायचं असलं तर राहा, पण माझी सेवा म्हणून राहू नकोस," आत्याबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं. ती राहिली.

पुढच्या खोलीत आता नियम सर्वांना सारखा आहे. पाठीवर वळ घेऊन कुणी आली, तर आत्याबाई तेलाला हात लावत नाहीत. आधी तिच्याजवळ बसतात आणि विचारतात, "कुणी मारलं?" मग तिच्याबरोबर दवाखान्यात जातात, आणि ती तयार असली तर चौकीतही. मालिश त्यानंतर, जखमा भरून आल्यावर.

मालिश वाईट नाही, वाचणाऱ्यांनो. कष्टानं आखडलेल्या अंगाला तिच्यासारखं सुख नाही. पण कष्टाचं दुखणं वेगळं आणि माराचं वेगळं. माराच्या दुखण्यावर माया, समजूत आणि गप्प बसणं चोळत राहिलात, तर तुम्ही पुढच्या मारासाठी जागा साफ करून देता. तुमच्या घरात नसेल, शेजारी असेल. आवाज आला की रेडिओ मोठा करू नका. दार उघडा!

बरगडी सांधली आणि डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, तेव्हा सूनबाई पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखी त्या बाकावर झोपली. तेल आत्याबाईंनी स्वतः ठेवलं, बोट बुडवून पाहिलं आणि तळवा तिच्या पाठीवर ठेवून गप्प उभ्या राहिल्या. पाठ हळूहळू सैल होऊ लागली.

एवढ्यात गल्लीत एक मोटारसायकल थांबली. स्टँड आपटला.

सूनबाईचं सगळं अंग एका क्षणात दगड झालं. ती अर्धी उठलीसुद्धा, शेगडीकडे हात करून.

"शेजारचा आहे गं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी हात काढला नाही, दाबलंही नाही. "झोप. इथं कुणी येत नाही."

थोडा वेळ लागला. मग तिनं डोकं परत गादीवर टेकलं, आणि मालिश निम्मीसुद्धा झाली नव्हती तोच ती घोरायला लागली. आत्याबाई पुढं किती तरी वेळ तशाच चोळत राहिल्या, तेल गार होईपर्यंत.